बिनपाठीचं बाक

मोठ्या सिस्टरचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाळंतपणासाठी बाई दारातून आत आली की त्या तिला डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळत. वय किती, पहिली वेळ की दुसरी, वजन किती वाढलं, रात्री झोप लागली का, लघवीला जाऊन आलीस का, एवढं विचारलं की फळ्यावर खडूने सुटकेची वेळ लिहून मोकळ्या होत. तीस वर्षांत अर्ध्या तासापलीकडे चूक नाही, असं त्या स्वतःच सांगत. चुकलेल्या वेळा पुसायचं फडकंही त्यांच्याच खिशात असे.

आज फळ्यावर त्यांच्या लेकीची वेळ होती : दुपारी एक. वय चौतीस, पहिलटकरीण, वजन जरा जास्तच, हे सगळं धरून आणि आपलीच मुलगी म्हणून एक तास सूट देऊन लिहिलेली. आता अडीच वाजले होते. गर्भपिशवीचं तोंड सकाळी दहाला पाच सेंटिमीटर उघडलं होतं आणि अजून तिथेच अडलं होतं. सहापर्यंत हललं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या.

सिस्टरच्या पायाला भिंगरी लागली. त्यांनी लेकीला चालवलं, कुशीवर वळवलं, दोनदा लघवीला नेलं. बाळाचे ठोके उत्तम, डोकं नीट खाली. अडलंय कुठे, ते काही कळेना.

"सिस्टर, एक कारण राहिलं," कोपऱ्यातून धाकटी नर्स म्हणाली. तिला सगळे चिमणी म्हणत. सिस्टरनीच तिला रडवून रडवून तयार केलं होतं. "भीती. घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावतात, तुम्हीच शिकवलंत."

"माझी मुलगी कशाला घाबरेल? बाळंतपणाच्या गोष्टी ऐकत जेवलीये ती लहानपणापासून."

लेकीने डोळे उघडले. "तेच ना, आई. ती छत्तीस तासवाली. ती रक्ताच्या बाटल्या लागलेली. ती, जिचं बाळ रडलंच नाही. तू आत आलीस की तुझ्या मागोमाग सगळ्या येतात."

त्या गोष्टी सिस्टरनी फार रंगवून सांगितल्या होत्या, कारण प्रत्येक गोष्टीत शेवटी धावून येणाऱ्या त्याच असत.

चिमणीने दार उघडलं. दारावर सिस्टरच्याच अक्षरात पाटी होती : 'सोबतच्या बाईने बाहेर बसावे. काळजीने बाळ लवकर येत नाही.' पाटीकडे बोट दाखवायची चिमणीची छाती नव्हती. ती नुसती दार धरून उभी राहिली, आणि सिस्टर बाहेर पडल्या.

बाहेरच्या बाकाला पाठ नव्हती. नातेवाइकांनी ठाण मांडू नये म्हणून सिस्टरनीच चांगल्या खुर्च्या हलवून ते आणवलं होतं. जावई सरकून बसला.

"या आई. टेकायला काही नाही, पण सवय होते."

पाच मिनिटांत त्या उठल्या.

"बसा," जावई म्हणाला. "मी सकाळपासून तीनदा उठलो. तीनदा तुम्हीच बसवलंत."

त्या बसल्या. कंबर मोडून आली. आतून कण्हणं यायचं, थांबायचं, मग आणखी जोराने यायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते बाहेरून कधी ऐकलं नव्हतं, आणि आता त्यांना खरोखर भीती वाटत होती.

पावणेसहाला बाळ रडलं. चिमणी कागद घेऊन बाहेर आली. मुलगी झाली होती, ऑपरेशनशिवाय, आणि दोघी छान होत्या. जावयाने तोंडावरून हात फिरवला.

"सिस्टर, उशिराच्या कारणात काय लिहू? वय?"

त्या रकान्यात तीस वर्षं सिस्टर बाईचंच काहीतरी लिहीत आल्या होत्या. वय, वजन, हट्ट.

"भीती लिही," त्या म्हणाल्या. चिमणीने लिहिलं. "पुढे लिही, माहेरून आणलेली."

जावई उठला. "चला आई, आत जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे," सिस्टर म्हणाल्या. "तिने बोलावलं की येते मी."