बाल्कनी घ्यावी की नाही

तिकीटवाल्या बाईंनी संगणकाचा पडदा दोघांकडे वळवला आणि पेनच्या टोकाने जहाजातल्या दोन खोल्या दाखवल्या. एक जहाजाच्या पोटात, बिनखिडकीची. दुसरी कडेची, काचेचं सरकतं दार असलेली, आणि दाराबाहेर दोन खुर्च्या मावतील एवढी बाल्कनी.

"तुमचं आधीचं आरक्षण बाल्कनीचं आहे," बाई म्हणाल्या. "बदलायचं तर आजच सांगा. उद्यापासून माझ्या हातात काही नाही."

"बदलायचंय," चिमणी म्हणाली.

"नाही बदलायचं," बाबा म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. असली भांडणं त्यांच्या टेबलावर रोज होत असावीत. त्या शांतपणे पाणी प्यायल्या.

चिमणी हे तिचं घरातलं नाव. एरवी ती दंतवैद्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. खुर्चीत आडवं झालेल्या माणसाला "काही होत नाही, घाबरू नका, तोंड फक्त उघडं ठेवा," असं दिवसभर सांगायचं हे तिचं काम, आणि ती ते इतकं छान सांगायची की मोठमोठी माणसं तिचा हात धरून ठेवायची. आई गेल्यापासून स्वतःला मात्र तिला हे सांगता येत नव्हतं.

"बाबा, तिकडे केवढी थंडी असते. दार उघडवणारसुद्धा नाही. वरच्या डेकवर सगळ्यांसाठी भरपूर जागा आहे, तिथे बसू की."

"थंडीच पाहिजे मला. जन्म भट्टीपुढे गेला."

हे खरं होतं. बाबांनी बेकरीत पाव भाजण्यात आयुष्य घालवलं होतं. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते आणि बोटं आखडून गेली होती. थंड समुद्रातली ही सफर आईने ठरवली होती. "तुम्हाला एकदा चांगलं गार करून आणते," असं ती म्हणायची. जहाजाचं चित्र तिने फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. सफर राहिली, चित्र राहिलं, आणि ती हृदयाच्या झटक्याने एका दुपारी गेली.

"बाई, तुम्हीच सांगा," चिमणी म्हणाली. "थंडीत बाल्कनी वसूल होते का?"

"ते माणसावर आहे. काही जण एकदा बाहेर जातात, फोटो काढतात, आत येतात ते परत जात नाहीत." बाई हसल्या. "आणि काहींना बाहेरून आत यावंसंच वाटत नाही."

चिमणीने पडद्यावरची बाल्कनी पुन्हा एकदा बघितली.

"तुझ्या आईने पसंत केलेली खोली आहे," बाबा म्हणाले. खोली तीच राहिली. चिमणीने एवढंच पदरात पाडून घेतलं की दोघं एकाच खोलीत राहायचं, पलंग दोन आणि बाल्कनीच्या बाजूचा तिचा.

थंडी हे तिचं बोलण्यापुरतं कारण होतं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बोललं तर ते खरं होईल असं तिला वाटायचं.

झालं होतं असं. आई गेल्यावर ती आठवडाभरासाठी म्हणून बाबांकडे राहायला आली होती. एका संध्याकाळी कामावरून परतली आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत गेली. समोर गॅलरी. गॅलरीत स्टूल, स्टुलावर बाबा, कठड्याच्या वर कमरेपर्यंत बाहेर झुकलेले, आणि त्यांच्या हातात दोरी. घर चौथ्या मजल्यावर.

ती ओरडली नाही. ओरडले तर दचकतील म्हणून चपला काढून मांजरासारखी गेली आणि मागून त्यांचा पट्टा धरला.

"अगं, पाडशील ना मला!" बाबा म्हणाले. स्टुलावरून उतरले, दोरी गुंडाळली, आत जाऊन चहा ठेवला. साखर किती घालू, एवढं विचारलं. तिने पुढे काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

आठवड्याचे महिने झाले. तिने स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकलं. कबुतरं फार होतात म्हणून गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी बसवून घेतली. कबुतर त्या मजल्यावर कधी फिरकलंही नव्हतं. बाबा जाळीवाल्याचं काम बघत उभे राहिले आणि म्हणाले, "घट्ट बसव रे बाबा, ढिली नको." तेव्हा तिला जरा हायसं वाटलं होतं. आणि आता ती स्वतः त्यांना घेऊन अशा खोलीत निघाली होती, जिला जाळी नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला, चिमणीने तो स्पीकरवर ठेवला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला घरात सगळे हेडमास्तर म्हणत, तिच्यासमोरसुद्धा.

"दादा, बाल्कनी घेतलीस म्हणे! त्या थंडीत? पैसे वर आलेत का तुझे?"

"हेडमास्तर, तू येणार आहेस का?"

"मी कशाला येऊ गारठायला?"

"मग तुझी परवानगी कशाला?"

"ऐकलंस गं चिमणे? वहिनी होती तोवर याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता बघ." मग आत्याचा आवाज जरा खाली आला. "त्याला सांभाळ हो."

"हो आत्या," चिमणी म्हणाली. मागे वळली तर बाबा जुनी बॅग बांधत होते. बॅगेची चेन तुटली होती आणि ते तिच्याभोवती दोरी आवळत होते. तीच दोरी. निळी, प्लास्टिकची, मधेमधे उन्हाने पांढरी पडलेली.

"बाबा, माझी बॅग घ्या ना. नवी आहे."

"हिला काय झालंय? चांगली दोरी आहे."

संपूर्ण प्रवासात ती दोरी तिच्या डोळ्यांसमोर राहिली. गाडीत, बंदरावर, सामानाच्या पट्ट्यावर आणि शेवटी खोलीच्या कोपऱ्यात.

खोली आटोपशीर होती. दोन पलंग, मधे हात जाईल एवढी जागा, भिंतीला लागून टेबल, आणि काचेचं दार. चिमणीने आल्या आल्या आधी ते दार तपासलं. जड होतं. कडी खाली दाबून, पाय रोवून ओढलं तरच सरकायचं. तिला बरं वाटलं. तेवढाच अडथळा. मग तिने बाहेर पाऊल टाकून कठड्याशी उभं राहून पाहिलं. तिच्या छातीएवढा कठडा. खाली काळंनिळं पाणी, जहाजाच्या अंगाला घासत मागे पळणारं. वारा असा की डोळ्यांतून पाणी आलं. ती आत आली आणि दार लावून टाकलं.

पहिले दोन दिवस बाबा काचेतूनच बघत बसले. बाहेर धुकं, मधूनच त्यातून निघणारा करडा डोंगर, डोंगरावर बर्फ. जेवायला गेले की मात्र तिथल्या पावावर टीका करायचे. "आच कमी पडली. वरून रंग आणलाय नुसता."

"बाबा, हळू. ते ऐकतील."

"ऐकू देत. सुधारतील."

रात्री चिमणीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कूस बदलल्याचा आवाज आला तरी ती उठून बसायची. बाबा न्हाणीघरात गेले की पाण्याचा आवाज थांबेपर्यंत कान टवकारून पडून राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर डोळ्यांखाली काळं झालेलं. दवाखान्यात असा पेशंट आला असता तर तिने त्याला आधी घरी जाऊन झोपा म्हणून सांगितलं असतं.

त्याच दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ती पलंगावर पाठ टेकवायला म्हणून आडवी झाली. बाबा टेबलाशी बसून जहाजाचा नकाशा चाळत होते. पाचच मिनिटं, असं तिने स्वतःला बजावलं.

जाग आली ती थंडीने. अंगावर पांघरूण होतं, तिने घेतलं नव्हतं, कुणीतरी घातलं होतं. पडदा फडफडत होता. काचेचं दार उघडं होतं.

"बाबा?"

टेबलापाशी कुणी नाही. न्हाणीघर उघडं, रिकामं. ती अनवाणी बाहेर धावली. बाल्कनीत दोन खुर्च्या. एकीवर बाबांची शाल पडलेली. मधल्या छोट्या मेजावर चहाचा कप, त्यातून वाफ निघत होती. कठडा ओला. कठड्यापलीकडे काही नाही.

तिने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली बघितलं. पाणी तसंच मागे पळत होतं. त्यावर फेस होता, आणि फेसात तिला काय काय दिसलं ते तिचं तिला माहीत. कुणाला सांगायचं, कुठलं बटण दाबायचं, काही सुचेना.

मागे खोलीचं दार धाडकन आपटलं.

"अरे, हा वारा आहे की कोण! कप सांडला असता." बाबा कप सांभाळत आत येत होते. "उठलीस? तुला घोट आणायला गेलो होतो. मला एकाच वेळी दोन कप नाही नेता येत इथे, जमीन हलते."

चिमणी वळली. बाबांनी तिचा चेहरा बघितला, तिचे कठड्यावरचे हात बघितले. कप मेजावर ठेवला.

"दार का उघडं टाकलंत?" तिला एवढंच बोलता आलं, आणि मग ती रडायला लागली. लहान मुलं रडतात तशी, नाक वाहात.

"कसलं जड आहे ते. एकदा कसंबसं उघडलं. परत लावायला बोटांत जोर नाही." बाबांनी शाल उचलून तिच्या अंगावर टाकली, तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसले.

"कबुतरं," ते म्हणाले.

"काय?"

"ती जाळी. आपल्या घरात पक्षी एकच, तोसुद्धा सकाळी कामावर जातो. मला काय कळत नव्हतं होय गं?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? जाळी लागली त्या रात्री तू पहिल्यांदा घोरलीस. म्हटलं, राहू दे. लागू दे झोप."

चिमणीने शालीला नाक पुसलं. "आणि ती दोरी?"

"कपड्यांची ती. तुझ्या आईने बाहेरच्या हुकाला बांधलेली. चिमटे राहिले होते वर. वारा सुटला की भिंतीवर आपटायचे. टक टक, टक टक. मला वाटायचं, ती वाळलेले कपडे काढतेय. रात्रभर. शेवटी म्हटलं सोडूनच टाकू. पण तिची गाठ ती, सहज सुटतेय का? त्यात तू येऊन पट्टा धरलास."

चिमणीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिला अजून एक विचारायचं होतं आणि ते तिने विचारलं. "खाली बघितलं नाहीत कधी?"

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"तुझ्याशी खोटं नाही बोलत. बघितलं एकदा. त्या दिवशी नाही, आधी. ती गेली त्या पहिल्याच आठवड्यात. सकाळची वेळ होती, तू झोपली होतीस. बराच वेळ बघत उभा होतो. मग घंटा वाजली. दूधवाला. पिशवी घ्यायला जावंच लागलं. सुट्टे नव्हते, त्याच्याशी हुज्जत झाली. परत आलो तर नुसती गॅलरी होती."

जहाजाचा भोंगा वाजला. धुक्यात तो फार जवळ वाटला.

"परत तसं वाटलं तर मला सांगाल?"

"सांगीन."

"मी कामावर असले तरी?"

"कुणाचं तोंड उघडं असलं तरी सांगीन. त्याला म्हणावं, थांब जरा."

आता मात्र ती हसली. रडतारडता हसली, त्यामुळे तिला ठसका लागला, आणि बाबांनी तिच्या पाठीत दोन धपके घातले. मग ते म्हणाले, "चिमणे, एक मागू? मला इथे जरा एकट्याला बसू दे. तू बसलीस ती तुझ्या आईची खुर्ची आहे. घरी तू असतेस, जाळी असते. मला तिच्याशेजारी थोडा वेळ बसायचंय. तू आत जा. आणि दार लावून घे, खोली गार पडली."

चिमणी उठली. शाल काढून त्यांच्या गुडघ्यांवर घातली. आत आली, पाय रोवून दार ओढलं, कडी खट्कन बसली. पडदा लावावा की नाही यावर जरा अडखळली, आणि लावला. मग पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एकदा खुर्ची सरकल्यासारखं वाटलं. तिने पलंगाची कड घट्ट धरली, पण वळली नाही. कोपऱ्यातल्या बॅगेवरच्या निळ्या दोरीकडे बघत राहिली. गाठ बाबांनी मारलेली होती, सैल, एका बाजूने सुटत आलेली. आईने अशी कधीच मारली नसती.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मग काचेवर थाप पडली. पुन्हा पडली, जोरात.

"अगं उघड की! बोटं गेली माझी! बाहेरून कडी दबत नाहीये!"

ती धावली, पडदा सारला. काचेपलीकडे बाबा उभे होते, नाक लाल, शाल डोक्यावरून घेतलेली, एका हातात दोन्ही रिकामे कप. तिने दार ओढलं आणि ते अक्षरशः आत घुसले, पलंगावर बसले आणि तिची रजई ओढून घेतली.

"काय थंडी आहे!" त्यांचे दात वाजत होते. "माणसाने बसायचं तरी किती? हेडमास्तरला सांगू नकोस हं. म्हणेल, बघ, मी सांगत होते."

"नाही सांगत," चिमणी म्हणाली, आणि त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागली.