ओटीत घातलेला हात

पेडण्याहून सावंतवाडीला निघालेली बस हद्दीवरच्या नाक्यावर थांबली आणि शिपाई आत चढला. "वरून हुकूम आहे, सगळ्यांच्या पिशव्या तपासणार," म्हणाला. सगळ्यांच्या कसल्या! पुढच्या बाकावरच्या साहेबाची सुटकेस त्याने ओलांडली आणि मागे बसलेल्या मजूर बाईची सुक्या मासळीची, बांगड्यांची पिशवी मात्र कोपरापर्यंत ढवळली.

मग तो सुमंगलाकडे वळला. तिच्या मांडीवर माहेरच्या सातेरी देवीला भरायची ओटी होती: खण, नारळ, तांदूळ. त्या ओटीसाठी ती सकाळपासून उपाशी होती.

"तपासा, पण मी उघडून दाखवते. हात लावू नका."

"बॉम्ब असला तर तो पण दाखवशील?" म्हणत मेल्याने तोच हात तांदळात खुपसला. खणाला बांगड्याचा खवला चिकटला. सुमंगलाला शिसारी आली.

शिपाई उतरला, तशी तीही उतरली. नाक्याच्या टेबलावर तिने ओटी आपटली आणि त्याच्याकडे सरकवत कोकणीत ओरडली,

"देवीक ही आता चलची ना. घरा व्हर आनी तुज्या बायलेची ओटी भर!"

दुसऱ्यांच्या पिशव्यांत घुसलेला तो हात पटकन मागे झाला. आपल्याच हाताने विटाळलेल्या त्या ओटीला शिवायची आता त्याचीच तयारी नव्हती.