खिळ्यावरचा मास्क

वाफ ओढायला कोळशाला माणूस लागत नाही, हे अब्बांना फोनवर पटेना. म्हणून मी लॅपटॉप उचलला आणि थेट त्यांच्या गॅरेजवर गेले.

अब्बा म्हणजे वडाळा नाक्यावरचे हनीफ पेंटर. गाडीला रंग मारावा तर त्यांनीच, असं ते स्वतःच सांगतात, आणि ते खरंही आहे. मी गंगापूर रोडच्या कॉलेजात पीएचडी करते. कोळशाच्या बारीक छिद्रांत थिनरची वाफ कशी चिकटते, ते कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हा माझा विषय. कोळशाच्या भिंती मी उभ्या करायच्या, वाफेचे कण मी सोडायचे आणि कोण कुठे बसतं ते बघायचं. माझं गणित सहसा चुकत नाही. हट्टीपणा अब्बांकडून आलाय, गणित कुठून आलं माहीत नाही.

रंग मारताना अब्बा जो मास्क लावतात, त्याच्या फिल्टरमध्ये हाच कोळसा असतो. काम संपलं की ते मास्क खिळ्याला अडकवतात. खिळा थिनरच्या डब्यांच्या अगदी वर. लहानपणापासून पाहत आलेली ही गोष्ट परवा स्क्रीनसमोर बसल्यावर आठवली आणि मी तिथूनच अब्बांना फोन लावला.

अब्बा जेवायला बसले होते. आज तरी मसाला टाकलाय का तुझ्या अम्मीने, अशी त्यांची रोजची कुरकुर चालू होती. मी त्यांचा बंद डबा बाजूला सारून लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर दोन काळ्या भिंती, मधे हिरवे ठिपके. ठिपके भिंतींना चिकटत गेले. भिंती भरल्या, मग नवे ठिपके न थांबता पलीकडे जायला लागले.

"यात श्वास घेणारा माणूस कुठाय?" अब्बांनी विचारलं.

"नाहीच. मास्क तोंडावर असो नाहीतर खिळ्यावर, कोळसा वाफ ओढतच राहतो. तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हाही तुमचा फिल्टर इथे भरत असतो."

"तुझ्या कॉम्प्युटरने कधी गाडी रंगवलीये? फिल्टर गेला की वास येतो. मला येत नाही. विषय संपला."

अब्बांनी विषय संपवला की अम्मीसुद्धा गप्प बसते. मी बसत नाही. खिळ्यावरचा मास्क काढून लावला, पट्टे आवळले, थिनरचा डबा उघडला आणि वाकले. पहिल्याच श्वासाला उग्र वास घशात घुसला, डोळ्यांत पाणी आलं.

"फिल्टर गेलाय!" मी मास्क काढून ओरडले. जिंकल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

"नाटकं करू नकोस." मी अडवायच्या आत अब्बांनी मास्क लावला आणि डब्यावर वाकले. "बघ. काही नाही."

मग मास्क काढून, नुसत्या नाकाने. "काही..." ते अर्ध्यावरच थांबले.

माझा आनंद कुठल्या कुठे गेला. मी हिशोब कोळशाचा केला होता, अब्बांच्या नाकाचा नाही.

त्यांनी थिनरचं झाकण लावलं. जेवणाचा डबा ओढला, डोळे मिटून तो उघडला आणि नाकाशी धरला. सुक्या बोंबलाचा वास गॅरेजभर पसरला.

"काय आहे गं यात?"

"बोंबील, अब्बा." मला रडू आवरेना. "कधीपासून असं होतंय?"

"काय माहीत. मला वाटायचं, तुझी अम्मीच हल्ली मसाला टाकत नाही."

त्यांनी जेवण संपवलं. डबा साबणाने धुतला, कोरडा पुसला. जुना फिल्टर फेकून मास्कला नवा बसवला, मास्क त्याच जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट दाबलं. मग हातोडीने खिळा उपटून काढला.

"फिल्टर कधी बदलायचा ते आता तू सांगायचं," ते म्हणाले. "आणि उद्या डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर."

"हो."

"पण आधी अम्मीला फोन लाव. मसाल्यावरून लय बोललोय मी तिला."