काळ्या कागदातल्या पट्ट्या

"उजे, कोपऱ्यात बस बाय. कशाला शिवू नको. दह्याला नको, मागावरच्या रेशमाला नको, देवाला तर नकोच."

येवल्याच्या आजीचा हा आवाज उज्वलाने तेराव्या वर्षी ऐकला. ज्या गळ्यातून पहाटे ओव्या झरत, त्याच गळ्यातून, तितक्याच मायेने. माया होती म्हणूनच तो सतरा वर्षांत अंगातून गेला नाही.

आता ती नाशिकला सिडकोत सासरी होती आणि रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरायचा कागद तिने घडवला होता. दिसायला प्लास्टिकच, पण त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळीत तिने जागोजागी एक नाजूक कडी ओवली होती. पानांच्या सावलीत ती टिकायची. पीक निघालं, उघडं ऊन लागलं, की कडी तुटायची आणि कागदाचा भुगा मातीत विरायचा.

त्याच कागदाच्या बारा पट्ट्या तिने सहा महिने अंधारात जपल्या होत्या. काळ्या कागदात, स्टीलच्या डब्यात. प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली म्हणून डबा घरी आणला होता. सोमवारी या पट्ट्या उन्हातल्या पट्ट्यांशेजारी ठेवून मार्गदर्शकांना दाखवायच्या होत्या. त्यांच्याशिवाय कागद उन्हानेच मोडतो हे सिद्ध होणार नव्हतं, आणि प्रबंधाची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

शुक्रवारी सकाळी न्हाणीघरातल्या कचऱ्यात सासूबाईंना, कुसाबाईंना, कागदात गुंडाळलेली पुडी दिसली.

"काय गं, मागच्याच पंधरवड्यात बसली होतीस ना बाजूला?"

"मागंपुढं होतं आई कधीकधी."

"होऊ दे. पण सांगायचं नाय का? सकाळधरनं घरभर फिरलीस. तो तुझा डबा बी हाताळलास."

तिचा नवरा किशोर मोबाईलमधून मान वर न काढता हसला. "तीन दिवस आराम कर की. आम्हाला कोण देतं अशी सुट्टी?"

कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना शिकवणारी उज्वला चटई, तांब्या आणि वेगळी थाळी घेऊन गॅलरीत गेली. नेहमीसारखी.

सोमवारी डोक्यावरून न्हाऊन तिने डबा उघडला. काळा कागद नव्हताच. पट्टीला बोट लागलं आणि भाजलेल्या पापडासारखी ती चुरली. दुसरी. तिसरी. बाराही.

"आई, हे कुणी उघडलं?"

"मीच." कुसाबाईंच्या चेहऱ्यावर भलं केल्याचं समाधान होतं. "विटाळाचा डबा घेऊन एवढ्या मोठ्या कामाला जाणार होतीस व्हय? तो काळा कागद फेकला, गोमूत्र शिंपडलं आन् तीन दिवस गच्चीवर लख्ख ऊन दाखवलं. लय शुद्ध झालंय बघ. तुला यश यावं म्हणून जिने चढले मी, या गुडघ्यांनी."

डब्यातल्या भुग्यावर उज्वलाच्या डोळ्यांतलं पाणी टपकलं.

"रडतेस काय?" किशोर वैतागला. "आईनं तुझ्या भल्यासाठीच केलं ना? पुन्हा बनव."

"पट्ट्या बनवीन. सहा महिन्यांचा अंधार कुठून बनवू?"

कुसाबाई वाकल्या. तो भुगा त्यांनी निरखून पाहिला आणि हळूच मान हलवली. "बघ. म्हणून सांगते मी. विटाळाचा हात लागला की नासतंच."

उज्वलाने डोळे पुसले.

"आई, हे उन्हानं मोडलं. तुम्ही दाखवलेल्या उन्हानं. तीन वर्षं मी तुम्हाला खरी तारीख सांगितलीच नाही. कॉलेज बुडू नये म्हणून सुट्टी असली की पाळी आली म्हणायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. खरी यायची तेव्हा याच घरात स्वयंपाक करत होते. गेल्या चैत्रात वणीच्या देवीला नेलेला नैवेद्य मी रांधला, पाळी चालू असताना. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दर दोन तासांनी डोळ्यात औषध घालणारा हातही विटाळाचाच होता. सांगा ना आई, नासला का तुमचा डोळा?"