कणभर प्लॅटिनम
माझी नणंद हुशार आहे, पण धांदरट. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत, त्यामुळे तिचा धांदरटपणा मला घरीही पुरतो आणि इथेही. त्या दिवशी तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक असे खडूस, की मला बघूनच घाम फुटला. "आलेख राहू द्या," म्हणाले. "प्रयोग करून दाखवा."

प्रयोग तसा सोपा. काचेच्या दोन आडव्या नळ्या, दोन्हींत टंगस्टन ऑक्साइडची पिवळीधमक पूड. एकीत प्लॅटिनमचे कण मिसळलेले, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो ओळीने बसतील. दुसरीत नुसती पूड. नणंदेचं म्हणणं असं: हायड्रोजनचे रेणू प्लॅटिनमवर फुटतात, सुटे झालेले अणू ऑक्साइडमध्ये शिरतात आणि पूड निळी होते. प्लॅटिनम नसेल, तर पिवळी ती पिवळीच. तिची सगळी पदवी एवढ्यावर उभी होती.

तिने ओलसर हायड्रोजन सोडला. पहिली नळी निळीशार झाली. मग दुसरीही निळी व्हायला लागली.

"मग प्लॅटिनमचं काम काय?" परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"चमचा," नणंद पुटपुटली. मी मागून तिचा कोट ओढला. गप्प बस ना बाई! पण ऐकेल तर शपथ. "सर, प्लॅटिनमच्या पुडीचा चमचा वेगळा असतो. सकाळी घाईत मी तोच कोटाला पुसला आणि दुसऱ्या नळीसाठी वापरला. चूक माझी आहे."

"ही सबब झाली. पुरावा?"

"निळा रंग सगळीकडून आला नाही, सर. एकाच जागेवरून पसरला. बघा."

तिने नायट्रोजनने नळी धुतली, मग हवा सोडली. हवेतल्या ऑक्सिजनने निळं हळूहळू ओसरलं, पूड पुन्हा पिवळी झाली. परत नायट्रोजन, परत हायड्रोजन. आम्ही तिघं नळीला नाक लावून उभे. डाव्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका उमटला आणि शेजारच्या दाण्यांत पसरत गेला. त्या दाण्यांत प्लॅटिनमचा पत्ता नव्हता! अणू एका दाण्यावरून दुसऱ्यावर चालत निघाले होते. वर्षानुवर्षं मी हे नुसतं वाचत आले होते. अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगते, नणंदेवरचा राग कुठल्या कुठे गेला.

तिने पूड पुन्हा पिवळी केली, त्या जागची चिमूटभर चिमट्याने काढून बशीत ठेवली आणि नळीत हायड्रोजन सोडला. आम्ही वाट पाहिली. खूप पाहिली. पूड पिवळीच राहिली.

परीक्षक वाकलेलेच होते. "ती चिमूट परत टाका," ते म्हणाले.

"का, सर? अजून शंका आहे?" नणंदेने विचारलं.

"शंका कसली, डॉक्टर? मला पुन्हा बघायचंय."

'डॉक्टर' ऐकूनही ती बावळटासारखी चिमटा शोधत होती. मला मात्र लगेच कळलं, आणि मी त्या खडूस माणसासमोर चक्क भोकाड पसरलं.