मुसफ्फापर्यंत गेलेली काठी

मी एक जुनी शिसवी काठी आहे. मित्रांनो, मला माझ्या आयुष्यापेक्षा एक पत्रच जास्त आठवते. माझ्या सूर्यकांत गुरुजींनी त्याला उत्तर दिले नव्हते.

मला घडवले महादूने. तो गुरुजींचा विद्यार्थी, सावंतवाडीजवळचा सुतार. गुरुजींचा गुडघा दुखू लागला तेव्हा त्याने मला तासले, घासले, तेल पाजले. पुढे तो अबुधाबीला, मुसफ्फातल्या एका कारखान्यात गेला. २००९ मध्ये मंदीने तिथली कामे थांबली. त्याने लिहिले, 'गुरुजी, थांबू की घरी येऊ? तुम्ही सांगाल तसे करीन.'

गुरुजींनी पुष्कळ पुस्तके वाचली होती. पण आपला सल्ला चुकला तर? दीड वर्ष गेले. ते बाहेर पडेनासे झाले. मी दाराआड उभी राहिले.

मग मुलगी मुग्धा त्यांना जहाजाच्या सहलीला घेऊन गेली. अबुधाबीला एक दिवस उतरायला मिळाला.

"बाबा, सगळे मशीद बघायला चाललेत आणि तुम्हाला मुसफ्फा? गॅरेजं बघायची आहेत का?"

"महादू आहे तिथे," गुरुजी पुटपुटले.

"मग चला. पण पाचला जहाज सुटतं हं."

ऊन, धूळ, बंद शटर. गल्ल्या हिंडून गुरुजी आणि मी दोघेही दमलो. महादूचा कारखाना बंद होता. शेजारच्या जहूर मिस्त्रींनी स्टूल पुढे केले.

"महादू? वो तो फुजैरा गया, चचा. रोज पूछता था, मास्टरजी का खत आया? हम छेड़ते थे, तेरे मास्टर को लिखना आता भी है?"

मुग्धा हसली. गुरुजींनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"फोन नंबर?" मुग्धाने विचारले.

"पुराना बंद है. नई कंपनी का पोस्ट बॉक्स दे देता हूँ."

फुजैरा शहर फार लांब होते. साडेतीन वाजले होते. गुरुजींनी तिथेच कागद आणि पाकीट मागून घेतले. 'महादू, तुझे पत्र मिळाले होते. काय सांगावे ते मला तेव्हा कळले नाही, आजही कळत नाही. मी घाबरलो. तू कसा आहेस?'

"एवढंच?" मुग्धा म्हणाली.

"एवढंच मला ठाऊक आहे."

मित्रांनो, काठीला अधूनमधून तेल द्या, हे तर मी सांगणारच. पण उत्तर सुचले नाही तरी पत्र मिळाले एवढे तरी कळवा. वाट पाहणारा उभाच असतो, आणि उभे राहून किती थकायला होते ते मला विचारा.

वाटेत पोस्ट ऑफिसपाशी टॅक्सी थांबली. गुरुजींचा हात पेटीच्या फटीशी घुटमळला.

"यल्ला, चचा! जल्दी चलो!" ड्रायव्हर ओरडला.

पाकीट आत पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.