बावीस नंबरची लिंक

मी एक लिंक. पूर्णगडच्या राहीच्या मोबाइलमध्ये, एका मेसेजच्या खाली, निळ्या अक्षरांत बसलेय.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका ऑफिसात झाला. कुठली होडी कुठल्या बंदरात पोचली हे घरच्यांना कळावं, म्हणून मच्छीमार सोसायटीने नितेशकडून वेबसाइट करून घेतली. त्याने आम्हा सगळ्यांचा एकच साचा केला. पत्ता सारखा, शेवटी एक मोकळी जागा. तिथे होडीचा कायमचा नंबर भरला की लिंक तयार. नितेशने मात्र यादीत होडी कितवी आहे, तो आकडा भरला. तेव्हा दोन्ही आकडे जुळत होते. गणपतीनंतर एक होडी विकली गेली, यादीतून निघाली, आणि तिच्याखालच्या सगळ्या एकेक जागा वर सरकल्या. त्याच आठवड्यात घरोघर नव्या लिंका गेल्या.

राहीचा नवरा भिवा तेवीस नंबरच्या होडीचा तांडेल, होडीवरचा मुख्य. तिला मी मिळाले, बावीसची. ती होडी धोंडूची.

पानावर नाव असतं तर राहीला कळलं असतं. पण सोसायटीचे अध्यक्ष सखाराम म्हणाले होते, "नाव कशाला? आपापली होडी ज्याला त्याला ठाऊक हाय." शिवाय होड्या जायच्या नि यायच्या बरोबरच. चूक कुणाच्या नजरेस आली नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी वारं फिरलं. होड्या मिळेल त्या बंदरात शिरू लागल्या. भिवाचा फोन लागेना. राहीने ओल्या हातानेच मला उघडलं. मी सांगितलं, 'मिरकरवाडा बंदरात पोचली, ४.१०.' तिने मोबाइल कपाळाला लावला.

थोड्या वेळाने सखारामचा फोन आला.

"राही, तेवीसची नोंद दिसत नाय. भिवा पोचला काय?"

"पोचले, भावजी. मिरकरवाड्यास हायत. मी आत्ताच बघितलंय."

"मग ऱ्हायलं असंल लिहायचं," म्हणत त्याने स्वतःच नोंद करून टाकली. शोधायला कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडू घरी आला. राहीने विचारलं, "आमचे मागून येतायत काय?"

धोंडू म्हणाला, "भिवा तिथं नव्हताच, वहिनी."

मग शोधायला बोटी सुटल्या. उलटलेल्या होडीला धरून एकटा खलाशी बाळा जिवंत सापडला. राहीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, "सकाळी धा वाजेपर्यंत होता भिवादादा. बोटी येतील, धरून ऱ्हा, म्हणत होता."

नितेशने लिंकच्या साच्यातला एक शब्द बदलला. पाच मिनिटांचं काम. सोसायटीच्या बैठकीत तो म्हणाला, "सिस्टीममध्ये काही नव्हतं. बाईंनी भलतीच लिंक उघडली असणार." आणि सखाराम सगळ्यांसमोर राहीला म्हणाला, "फोनवर तूच सांगितलंस ना, पोचला म्हणून?" धोंडू खाली बघत बसला. राहीने होकारार्थी मान हलवली.

तेवीसची नवी लिंक तिला कुणी पाठवली नाही. मीच राहिले, आणि अजून चालते. धोंडूची होडी रोज परतते.

राहीची मुलगी सानवी दुसरीत आहे. आता तिला जोडाक्षरं वाचता येतात. काल संध्याकाळी आई चुलीपाशी असताना तिने मला उघडलं आणि बोट ठेवून ठेवून वाचलं, "पूर्णगड बंदरात पोचली, ५.४०." चप्पल घालून ती दारात गेली.

"आई, चल ना. बाबा आले."

राही, मला पुसून टाक गो.